हकीम दिलदारखान नावाचे कोणी नव्हते

या उन्हाळ्यात आमच्या तलवाड्याच्या तालमीनं माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, आणि एका तरुण मास्तरानं माझ्यावर भाषण केलं. हैदराबादचे नामांकित हकीम दिलदारखान यांनी आपली विद्या मरण्याआधी एकाच शिष्याला दिली आणि तो शिष्य आज आपल्यासमोर बसला आहे, असं तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात मोकळेच होते. शेजारचे एक म्हातारबुवा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "लई मोठा माणूस. म्या पाह्यलंय त्यान्ला. पांढरी दाढी, हिरवा फेटा."

पांढरी दाढी माझी होती, म्हणजे मी दिलेली होती. हिरवा फेटा त्यांना कोणी बांधला ते मला ठाऊक नाही. कारण हकीम दिलदारखान नावाचा माणूस या पृथ्वीवर कधी जन्मलाच नाही. तो माझ्या तोंडातून भर दुपारी, तहसील कचेरीच्या अंगणात बाहेर पडला, आणि पुढे त्याला मारलाही मीच. आता माझं वय झालं आहे. खोट्या उस्तादाची शाल पांघरून वर जाण्याची माझी तयारी नाही, म्हणून हे लिहितो.

माझा धंदा सूज उतरवण्याचा. तेल चोळून अंग मोकळं करणारा मालिशवाला वेगळा. मीही आधी तोच होतो. तालमीत पैलवानांची अंगं रगडून माझे पंजे पाट्यावरवंट्यासारखे झाले होते. आमच्याकडे एकच शास्त्र होतं. जितका जोर, तितका गुण. माणूस ओरडला म्हणजे मालिश लागू पडली. ओरडला नाही तर अजून थोडं रगडायचं.

राज्य निजामाचं होतं. आमच्या तहसीलदारसाहेबांचा पाय दौऱ्यावर असताना रिकिबीत अडकून मुरगळला. हाड शाबूत होतं, दुखणंही थांबलं, पण सूज काही जाईना. घोट्यापासून मांडीपर्यंत पाय दुधीभोपळ्यासारखा झाला. त्यातच सुभेदारसाहेबांचा दौरा जाहीर झाला. दरबारी पोशाखात, कमरेला बगलूसाचा पट्टा आणि पायात बूट घालून हजर राहायचं होतं. बूट काही चढत नव्हता. त्यांच्या हाताखालचा अधिकारी, पेशकार, मात्र रोज साहेबांच्या खुर्चीकडे बघून घेत होता. बूट चढला नाही तर साहेबांना आजारी ठरवून घरी बसवतील, हे कचेरीत सगळ्यांना कळत होतं.

मग मला बोलावणं आलं. मी वाटीभर तीळतेल घेतलं आणि तालमीतल्या पद्धतीनं साहेबांचा पाय रगडला. साहेब इतके ओरडले की बाहेर पक्षकारांना वाटलं आत कोणाला तरी गुन्हा कबूल करायला लावताहेत. मी खूश होऊन घरी गेलो. सकाळी शिपाई महबूब दारात उभा.

"चल बे. साहेबाचा पाय दुप्पट झालाय."

"असं कसं? ओरडले तर चांगले होते."

"ओरडतीलच की! साहेब म्हणत्यात, बूट चढला न्हाई तर पेशकार खुर्चीत अन् तू हवालातीत."

माझा चेहरा बघून महबूबलाच दया आली असावी. वाटेत तो थांबला आणि म्हणाला, "कोनाला सांगू नको. माझी खाला हाय, म्हंजी मावशी. बीबनबी. सुईण हाय. बाळंतिणीचे पाय सुजत्यात ना, ते ती उतरवती. पन ती काय साहेबाच्या पायाला हात लावायची न्हाई, अन् साहेब काय सुईणीला लावू द्यायचा न्हाई. तू शीक अन् तू कर."

बीबनबी खाला म्हणजे मुठीएवढी बाई. तोंडात पान, हातात काचेच्या बांगड्या, आणि डोळे असे की समोरच्याचं वजन करताहेत. तिनं माझे पंजे उलटेपालटे करून पाहिले.

"ये हाथ है के बैल के खूर?"

"तालमीतले आहेत, खाला."

"तो तालीम में छोडके आता ना. मेरे यहाँ कायकू लाया?"

माझं शिक्षण तिच्या शेळीवर झालं. शेळीचं नाव शहजादी. नुकतीच व्याली होती आणि तिची कास सुजून दगड झाली होती. खालानं मला तिच्यापुढं बसवलं. मी सवयीनं तेलाकडे हात नेला तर हातावर चापटी बसली. तेल लावलं की हात घसरतो, ती म्हणाली. आपल्याला हात घसरवायचा नाही, कातडी सरकवायची आहे. कातडीच्या अगदी खाली पाणी अडून बसलेलं असतं, मांसात नव्हे. जोर लावला की त्याच्या वाटा दाबून बंद होतात. माशी बसली तर जेवढं वजन पडतं, त्याहून थोडंसं जास्त, एवढाच हात. तो ठेवायचा, कातडी हलकेच ओढायची, आणि सोडायची. सोडणंही शिकावं लागतं. ओढण्यापेक्षा ते अवघड आहे.

मी हात ठेवला. शहजादीनं लाथ मारली. पुन्हा ठेवला, पुन्हा लाथ. खाला सुपारी कातरत बसली होती. "उसकू मालूम है," ती म्हणाली, "तू अब्बी बी कुश्ती खेल रा है." ज्या दिवशी शहजादी माझ्या हाताखाली उभ्या उभ्या रवंथ करू लागली, त्या दिवशी मी पास झालो. पुढे मोठमोठे लोक माझ्या हाताखालून गेले, पण परीक्षेचा तसा धाक पुन्हा कधी वाटला नाही.

दुसरा धडा त्याहून चमत्कारिक होता. पाय सुजला असेल तर सुरुवात मानेपासून करायची. मला वाटलं खाला थट्टा करते आहे. तिनं मला परसात नेलं, जिथं मोटेचं पाणी पाटानं भाजीच्या वाफ्यात जायचं. पाट शेवटाला गाळानं तुंबला होता आणि पाणी अलीकडे साचलं होतं. "अब तू इधर से ढकल," ती म्हणाली, "किदर जाएगा पानी?" आधी शेवटचं तोंड मोकळं करायचं, मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्याही अलीकडचं. अंगातल्या या पाण्याचं शेवटचं तोंड गळ्याच्या हाडामागच्या खळग्यात असतं. म्हणून आधी मान, मग पोट, मग जांघ, मग मांडी, आणि पाऊल सगळ्यात शेवटी. आमच्या तालमीत सगळे पावलापासून सुरू करायचे. म्हणजे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तुंबलेल्या पाटात पाणी ढकलत होतो.

हे सगळं शिकून मी साहेबांपुढे गेलो आणि त्यांच्या गळ्याला हात घातला. साहेब ताडकन उठून बसले. "पाँव सूजा है मेरा, और तू गला पकड रहा है?" दारातला पहारेकरी आत धावला. महबूबनं मधे पडून कसंबसं निभावलं. मी हलक्या हातानं काम सुरू केलं. थोड्या वेळानं साहेब म्हणाले, "शुरू कब करेगा?" मी म्हणालो, "हुजूर, निम्मं झालं." त्यांचा विश्वास बसला नाही, पण त्या रात्री त्यांना वरचेवर लघवीला उठावं लागलं आणि सकाळी घोटा दिसू लागला. रोज खाला मला सांगायची, रोज मी जाऊन करायचो, मग परत येऊन तिला पायाची हकीगत सांगायचो. तो पाय तिनं एकदाही पाहिला नाही. आंधळ्यानं सुईत दोरा ओवावा तसा तिनं तो माझ्या हातून उतरवला.

सुभेदार आले त्या दिवशी बूट चढला. दौरा पार पडला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला कचेरीच्या अंगणात बोलावलं. पेशकार, कारकून, पाटील, आणि माझ्या दुर्दैवानं आमच्या तालमीतले झाडून सगळे पैलवान तिथं होते. साहेब खूश होते. म्हणाले, "ऐसा हुनर! तेरा उस्ताद कौन है?"

आमच्या धंद्यात हा प्रश्न साधा नसतो. कामाला हात घालण्याआधी उस्तादाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, हा तालमीचा रिवाज. ज्याचं नाव घेतो त्याचं काम. खालानं माझ्याकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं. शहजादीच्या परीक्षेनंतर ती एवढंच म्हणाली होती, "कोई पूछा तो मेरा नाम लेना." तिला मुलगी नव्हती, सुना नव्हत्या. आपण गेलो की हातातली विद्या आणि नाव दोन्ही जाणार, हे तिला कळत होतं.

आणि मी तोंड उघडलं, तर समोर पैलवानांची रांग. तिच्यातला एक जण आधीच हसत होता. जन्मभर 'सुईणीचा चेला' म्हणून ऐकून घ्यावं लागेल, गरोदर बायका वाटेत अडवतील, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "हैदराबादचे एक हकीम, हुजूर."

"नाम?"

"दिलदारखान."

साहेब क्षणभर विचारात पडले. मग मान डोलावून म्हणाले, "हाँ हाँ. नाम सुना है."

पेशकारानंही ऐकलं होतं. मग कोणीच मागे राहीना. एका पाटलाच्या मेव्हण्याची मूळव्याध त्यांनीच बरी केली होती, असं त्याच दुपारी निघालं. महबूब तेवढा माझ्याकडे बघत होता, आणि मी जमिनीकडे.

खोटं बोलणं सोपं असतं. त्याला जेवूखाऊ घालणं अवघड. साहेबांनी हकीमांना भेटीला बोलवायचं ठरवलं. मी सांगितलं, ते हजला गेलेत. हजहून लोक परत आले. मग मी त्यांना आजारी पाडलं. साहेब म्हणाले, आपण टांगा पाठवू. मी रडकुंडीला आलो आणि शेवटी एका शुक्रवारी कचेरीत जाऊन सांगून टाकलं की हकीमसाहेब अल्लाला प्यारे झाले.

मला वाटलं सुटलो. पण साहेब भला माणूस होता. त्यानं डोळे पुसले आणि हकीमांच्या नावानं फातेहा ठेवला, गावजेवण घातलं. डाळ-गोश्ताच्या दालच्याच्या मोठमोठ्या देगा चढल्या. पट्टशिष्य म्हणून मला देगेजवळ उभं केलं होतं. येणारा प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून दुःख करत होता. मीही डोळे खाली घालून मान हलवत होतो, आणि खरं सांगायचं तर थोडा वेळ मलाही हकीमांचं वाईट वाटू लागलं होतं.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून बीबनबी खाला तबक घेऊन आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"कोन मर गया, बेटा?"

मी देग ढवळू लागलो.

"मेरेकू मरद बनाया," ती हळूच म्हणाली, "दाढी लगाया, हज कू बी भेजा. फिर मार डाला. अब जरा गोश्त डाल. अपनी मय्यत का खाना हर किसी कू नसीब नहीं होता."

मी वाढलं. वर न बघता वाढलं, त्यामुळे दालचा तबकाबाहेर सांडला. तिथंच ओट्यावर बसून ती सावकाश, बोटं चाटून जेवली. शेजारच्या बाईला म्हणाली, "अच्छा आदमी था बेचारा." आणि हसली. तिचं हसणं बघून मला वाटलं, चला, खालानं मनावर घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो. पाय शिकून झाला होता, हात राहिला होता. हाताच्या वाटा वेगळ्या. काख आहे, छाती आहे, पाठीकडून वळसा आहे. खाला दारातच बसली होती. ती उठली नाही.

"हाथ का सबक?" ती म्हणाली. "जा, हकीम साब की कबर पे जाके पूछ."

आणि तिनं दार लावून घेतलं.

तेव्हापासून मी पायांचा माणूस झालो. लोक दुरून येत. कडा गावचे एक बडे पाटील माझ्या हाताखाली पडले आणि काही वेळानं म्हणाले, "झोपलास का बे? कावून हात हलत न्हाई?" नुसतं हलकं हात फिरवणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवीना. मग मी युक्ती काढली. हात माशीसारखा हलका ठेवायचा आणि तोंडानं मात्र 'हुंऽ, हुंऽ' करत जोरजोरात श्वास सोडायचा, मधून आपल्याच मांडीवर थाप मारायची. पाटील खूश. म्हणाले, "आता कसं लागतंय!" हे नाटक मी आयुष्यभर केलं. हकीमसाहेबांची खास पद्धत म्हणून ते प्रसिद्ध झालं. तेलगावच्या एका गृहस्थानं तर मलाच बसवून हकीमांच्या आठवणी सांगितल्या, आणि मी एक तपशील चुकीचा सांगतोय म्हणून मला दुरुस्तही केलं.

सुजलेला हात घेऊन कोणी आलं की मात्र माझी पळता भुई थोडी व्हायची. पावसाळ्यात हाताला हात लावत नाहीत, म्हणायचो. उन्हाळ्यात म्हणायचो, रक्त तापलेलं असतं. हिवाळ्यात मी गावाला गेलेला असायचो.

मग माझ्या बायकोला, गोदावरीला, काखमांजरी झाली. गळू फोडावं लागलं. जखम भरली, पण हात सुजला. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. भाकरी थापता येईना. ती माझ्यापुढे हात धरून बसली आणि म्हणाली, "सगळ्या मुलखाचं उतरवता. माझं बघा की." मला पावसाळा सांगता येईना. मी सगळं खरं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. रागावलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "जावा. तिला घेऊन या."

मी खालाच्या दारात जाऊन पागोटं काढून तिच्या पायाशी ठेवलं. ती म्हणाली, "ये उठा. डोके कू थंडी लगेगी." आणि आली. आमच्या घरात आल्या आल्या तिनं मला बाहेर काढलं. "मरदां बाहर." दाराला कान लावला तर आतून आवाज आला, "कान बी बाहर!" मग दोघींचं हसणं ऐकू आलं.

गोदावरीचा हात उतरला. आणि मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं की नुसता उतरला नव्हता. तिनं तो धडा सगळाच्या सगळा शिकून घेतला होता. हात, मान, बाळंतिणीची छाती, सगळं. बायका आमच्या मागच्या दारानं येऊ लागल्या. तेव्हापासून आमच्या घरात दोन उस्ताद नांदले. पुढच्या ओसरीवर मी मांडीवर थाप मारून हकीम दिलदारखान म्हणायचो; माजघरात ती बीबनबी खालाचं नाव घेऊन मानेला हात लावायची. मधे एक भिंत. मी तिला कितीदा विचारलं, हाताचं तेवढं सांग. तिचं उत्तर ठरलेलं, "तुमच्या हकीमाला इचारा."

खाला निजामाचं राज्य जायच्या आधीच गेली. मी तिच्या मातीला गेलो होतो. कोणीतरी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, "महबूबच्या ओळखीचा." याहून वाईट वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. साहेबापुढे खोटं बोललो तेव्हा निदान पैलवानांची भीती होती. कबरस्तानात कशाची भीती होती?

सत्कारानंतर थोड्याच दिवसांत मी न्हाणीत घसरलो. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. ते काढलं तर हात सुजलेला, बोटं केळ्यासारखी. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाईल. गोदावरीनं बघितलं आणि म्हणाली, "निजा."

मी माजघरात आडवा झालो. पुढच्या ओसरीवर पाय दाखवायला आलेले चार लोक माझी वाट बघत बसले होते. दार उघडंच होतं. तिनं माझ्या गळ्याच्या हाडामागं बोटं टेकवली आणि थांबली.

"नाव घ्या."

"घेतलं."

"मला न्हाई ऐकू आलं."

"मनात घेतलं गं."

"मनातलं मनात ऱ्हाऊ द्या, हातबी सुजलेला ऱ्हाऊ द्या." तिनं बोटं उचलली.

ओसरीवर बोलणं थांबलं होतं. त्यात तालमीतला तो भाषणवाला मास्तरही होता, आईला घेऊन आलेला. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "बीबनबी."

"मला आलं ऐकू. तिकडं लोकान्ला?"

मी ओरडलोच. "बीबनबी खाला! सुईण!"

मास्तर दारात आला. "काका, बीबनबी कोण?"

गोदावरीनं बोटं परत मानेवर टेकवली. "सांगा त्यान्ला," ती म्हणाली, "काम होईपर्यंत."

मी शेळीपासून सुरुवात केली. बाकीचे लोकही दारात येऊन बसले. गावजेवणाच्या ठिकाणी मास्तर हसला. त्याची आई मात्र मधेच म्हणाली, "म्या तिच्याच हातावर जन्मलेली की. माझी आई सांगायची." मास्तरानं वळून आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "काका, हे लिहून द्या. माझं भाषण मी मागं घेतो." मी म्हणालो, लिहितो, पण हात बरा होऊ दे.

माझं सांगणं संपलं तेव्हा गोदावरी कोपरापर्यंत आली होती. बांगड्या मागं सारून ती म्हणाली, "आता इथून पुढं तुमी करा."

"मला कुठं येतं?"

तिनं माझा चांगला हात उचलला, सुजलेल्या मनगटावर नेऊन ठेवला, आणि माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून म्हणाली, "असं. जोर नका लावू."